धरणे आणि प्रतीक्षा : तुकारामांच्या अभंगांतील लांबलेल्या उत्तराचा विचार

प्रास्ताविक

देवाकडे मागितले आणि मिळाले, अशा कथा मराठी संतचरित्रांत पदोपदी आढळतात. मागितले आणि मिळाले नाही, किंवा मिळण्यास फार विलंब लागला, ही अवस्था मात्र चरित्रांपेक्षा कवितेत अधिक दिसते. चरित्रकाराला शेवट ठाऊक असतो, त्यामुळे मधले दिवस त्याच्या दृष्टीने केवळ वाटचाल ठरतात. अभंग रचणाऱ्याला शेवट ठाऊक नसतो. तो त्या मधल्या दिवसांतूनच बोलतो. तुकारामांच्या करुणापर अभंगांचे वाचन चरित्राच्या आधाराने करण्याची आपली सवय जुनी आहे. या सवयीमुळे अभंगांतील एक महत्त्वाची गोष्ट झाकली गेली, असे म्हणावे लागते. उत्तर येत नसताना चाललेली प्रार्थना तुकारामांच्या ठायी सहनशीलतेच्या स्वरूपाची नाही. ती मागणीच्या, किंबहुना तगाद्याच्या स्वरूपाची आहे. प्रस्तुत लेखात या तगाद्याचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

हा प्रश्न केवळ वाङ्मयेतिहासाचा नाही. मीरा-भाईंदरसारख्या नगरात महाविद्यालयीन वर्गात तुकाराम शिकविले जातात, तेव्हा समोर राई, मुर्धा, मोर्वा येथील आगरी घरांतील मुले असतात आणि उत्तन, डोंगरी, चौक या किनाऱ्यावरील कॅथलिक कोळी घरांतील मुलेही असतात. आगरी समाजात वारकरी पंथाला मोठा मान आहे. किनाऱ्यावरील चर्चमधून प्रार्थना मराठीत होते. दोन्ही घरांत समुद्राची, आजाराची, नोकरीची काळजी देवापुढे मांडली जाते आणि दोन्हीकडे उत्तराची वाट पाहावी लागते. या विद्यार्थ्यांपुढे तुकाराम ‘संयमाचा आदर्श’ म्हणून ठेवावेत की आणखी काही म्हणून, हे ठरविण्याची जबाबदारी अध्यापकावर येते.

तेरा दिवसांची कथा

देहूच्या इंद्रायणीत तुकारामांच्या वह्या बुडविल्या गेल्या, तुकाराम तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले आणि वह्या कोरड्या परत मिळाल्या, ही कथा सर्वपरिचित आहे. तिचे साहित्यिक पुरावे तीन थरांचे आहेत. पहिला थर खुद्द गाथेतील अभंगांचा. त्यांत तेरा दिवस झाले तरी देव धावून येत नाही, अशी तक्रार आहे. दुसरा थर बहिणाबाईंच्या साक्षीचा. शिऊरच्या बहिणाबाई (१६२८–१७००) तुकारामांच्या शिष्या. त्यांच्या अभंगांत तेरा दिवस पाण्यात राहून वाचलेल्या वह्यांचा उल्लेख येतो. समकालीन व्यक्तीचा म्हणून त्याला विशेष मोल आहे. तिसरा थर महिपतींचा. भक्तविजय (१७६२) आणि भक्तलीलामृत (१७७४) या ग्रंथांतून त्यांनी कथेला जे रूप दिले, तेच पुढे लोकमानसात स्थिरावले. महिपती तुकारामांनंतर शंभर वर्षांहून अधिक काळाने लिहीत होते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

महिपतींच्या कथनात देव बालरूपाने येतो, भक्ताला आलिंगन देतो, गावकऱ्यांना दृष्टांत होतो आणि वह्या पाण्यावर तरंगताना दिसतात. प्रभात फिल्म कंपनीने १९३६ मध्ये दामले व फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली काढलेल्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाने हाच प्रसंग पडद्यावर आणला. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा आणि इंद्रायणीचा चमत्कार यांची सांगड मराठी प्रेक्षकाच्या मनात कायमची बसली. चित्रपटाला उत्तर दाखविणे भाग होते, कारण कॅमेऱ्यापुढे तेरा दिवसांची शांतता टिकत नाही. महिपतींनाही ते दाखविणे भाग होते, कारण भक्तविजय या नावातच शेवट आहे. मात्र यामुळे असे झाले की तक्रारीचे अभंग वाचताना वाचकाच्या डोळ्यांपुढे वह्या आधीच तरंगू लागतात. मग तक्रार लटकी वाटते. मूल रुसले आहे आणि आई दाराआड उभी राहून हसते आहे, अशा कौतुकाने ती वाचली जाते. भजनात हे चालून जाते, पण समीक्षेने तेवढ्यावर थांबू नये.

धरणे

या अभंगांचा पवित्रा ओळखण्यासाठी तुकारामांच्या काळातील एक लौकिक प्रथा लक्षात घ्यावी लागते. ती म्हणजे धरणे. देणे बुडविणाऱ्या ऋणकोच्या दारात धनको उपाशी बसे. धनको उपाशी असेपर्यंत ऋणकोलाही जेवणे अवघड होई आणि दारात तो मेला तर पाप ऋणकोच्या माथी येई. ही प्रथा इतकी रूढ होती की १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५०८ मध्ये, दैवी कोपाचे भय घालून एखाद्याला काही करावयास लावण्याच्या गुन्ह्याचे उदाहरण म्हणून दारात धरणे धरून बसणाऱ्याचाच दाखला दिला होता. ती संहिता १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाली. ‘धरणे आंदोलन’ हा शब्दप्रयोग मात्र मोर्चांतून आणि वृत्तपत्रांतून रोज भेटतो.

तुकारामांना हा व्यवहार आतून माहीत होता. त्यांच्या घरी सावकारी आणि महाजनकी होती. लोकांकडून येणे असलेली खते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली आणि भाऊ कान्होबांचा वाटा तेवढा त्यांना देऊन टाकला, असे परंपरा सांगते. एकाच नदीत एकाच माणसाचे कागद दोनदा बुडाले, याकडे चरित्रकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. पहिले कागद त्यांनी स्वतः सोडले. ते परत यावेत अशी इच्छा नव्हती आणि ते आलेही नाहीत. दुसरे कागद इतरांच्या आग्रहाने बुडाले. त्यांच्यासाठी मात्र ते बसून राहिले. माणसांच्या दारातला तगादा ज्याने सोडून दिला, त्याने देवाच्या दारात तगादा लावला. मुद्दल, व्याज, खत, साक्ष, दिवाळे ही व्यापाराची भाषा गाथेत सर्वत्र पसरलेली आहे. तिच्याकडे केवळ रूपक म्हणून पाहिले जाते. या प्रसंगी ती प्रत्यक्ष कृतीपर्यंत पोहोचते.

येथे एक अडचण उत्पन्न होते आणि अभंगांचे खरे सामर्थ्य तिच्यातच आहे. लौकिक धरण्यात धनको ऋणकोला देवाच्या कोपाचे भय घालतो. ऋणको स्वतः देवच असेल तर भय कोणाचे घालावयाचे? तुकारामांनी याला उत्तर शोधले ते ‘ब्रीद’ या शब्दात. शरण आलेल्याला राखतो, ही देवाची ख्याती. ती खोटी ठरेल, लोक हसतील, पुढे कोणी नाव घेणार नाही, असे ते देवाला बजावतात. म्हणजे देवाला भय घातले जाते ते लोकापवादाचे. हा युक्तिवाद वाटतो तितका बाळबोध नाही. त्यात भक्ताने आपली योग्यता पुढे केलेली नाही. मी चांगला आहे म्हणून दे, असे कोठेही नाही. तू जे म्हणवतोस ते खरे कर, एवढीच मागणी आहे. स्वतःच्या पुण्याच्या हिशेबावर प्रार्थना उभी केली की उत्तर लांबताच हिशेब चुकल्याची शंका येते आणि प्रार्थना बंद पडते. देवाच्या शब्दावर उभी केलेली प्रार्थना विलंबाने मोडत नाही. विलंब जितका वाढतो तितका तगाद्याचा अधिकार वाढतो.

अभंगाचे रूपही या पवित्र्याला साहाय्य करते. ध्रुवपद प्रत्येक चरणानंतर परत येते आणि गाताना तेच मागणे पुन्हा उच्चारावे लागते. तीच गोष्ट दहा वेळा सांगणे गद्यात दोष ठरेल. टाळांच्या गजरात तो दोष राहत नाही. उत्तर आले नाही तर काय करावे, याचे उत्तर अभंगाने आपल्या रचनेतच देऊन ठेवले आहे : ध्रुवपद पुन्हा म्हणावे. शेवटच्या चरणात नाममुद्रा येते. ती खतावरच्या सहीसारखी काम करते, कारण मागणारा आपले नाव लपवीत नाही.

उत्तरानंतर

वह्या मिळाल्यानंतरचे म्हणून जे अभंग गाथेत येतात, त्यांत विजयाचा सूर अपेक्षित असतो. तेथे आढळतो तो अपराधाचा. आपण मोठा अन्याय केला, देवाचा अंत पाहिला, लोकांच्या बोलण्यासाठी चित्ताला क्षोभ करून घेतला आणि देवाला शिणविले, असे तुकाराम म्हणतात. कागद पाण्यात राखल्याची आणि ब्रीद खरे केल्याची पोच ते देतात, पण ती पावतीइतकी आटोपशीर आहे. अभंगांचा भार क्षमायाचनेवर आहे.

या क्षमायाचनेचा अर्थ कसा लावावा? एक वाचन असे करता येईल की तगादा चुकीचा होता, तुकारामांनी ते मान्य केले आणि म्हणून भक्ताने गप्प बसून वाट पाहावी. प्रवचनांतून हे वाचन ऐकावयास मिळते. ते स्वीकारता येत नाही, याचे साधे कारण असे की तगाद्याचे अभंग तुकारामांनी गाथेतून काढून टाकले नाहीत. ज्याला आपल्या बोलण्याची लाज वाटते तो कागद फाडतो. येथे तर वाचविलेले कागद हातात होते. तक्रार आणि क्षमा दोन्ही त्यांनी राहू दिल्या. दुसरे वाचन अधिक सयुक्तिक वाटते. मागणी न्याय्य होती, आणि तरीही ती पुरी होताच मागणाऱ्याला आपल्या मागण्याचे लहानपण दिसले. वह्यांसाठी बसलो म्हणता म्हणता आपण लोकांपुढे खरे ठरण्यासाठी बसलो होतो, ही जाणीव उत्तराने दिली. ती उत्तरापूर्वी येणे शक्य नव्हते. ल. रा. पांगारकरांसारखा भाविक चरित्रकार या ठिकाणी चमत्कारावर भर देतो. सदानंद मोरे यांचे ‘तुकाराम दर्शन’ (१९९६) सामाजिक संघर्षाचे अंग उलगडते. दोन्ही दृष्टी आवश्यक आहेत. परंतु ही लाज त्या दोहोंत पुरेशी सामावत नाही आणि तिच्यासाठी कवितेपाशीच जावे लागते.

दुसरा धरणेकरी

गाथेत धरण्याचे आणखी एक प्रकरण आहे. त्याची चर्चा फारशी होत नाही. बीडकडील एक देशपांडे ब्राह्मण आळंदीस ज्ञानदेवांच्या समाधीपुढे धरणे धरून बसला. उतारवयात अभ्यासाशिवाय पुराण सांगण्याइतकी विद्या यावी, ही त्याची इच्छा. ज्ञानदेवांनी त्याला स्वप्नात देहूला तुकारामांकडे जाण्यास सांगितले. तुकारामांनी त्याला अकरा अभंग आणि एक नारळ दिला. ज्याला संस्कृत विद्या हवी होती त्याच्या हाती प्राकृत अभंग पडले. त्याने ते तेथेच टाकले आणि निघून गेला. तो प्रसाद कोंडोबा नावाच्या भाविकाला मिळाला. नारळातून रत्ने निघाली, असे महिपती सांगतात.

रत्ने बाजूला ठेवली तरी कथेचा दंश कायम राहतो. या धरणेकऱ्याच्या चिकाटीत काही उणे नव्हते. तो बसला, उपाशी राहिला, दृष्टांत मिळेपर्यंत हटला नाही. त्याला उत्तरही मिळाले, विलंब झाला असे म्हणण्याजोगाही झाला नाही. अडचण अशी झाली की उत्तर कोणत्या भाषेत यावे हे त्याने आधीच ठरवून ठेवले होते. त्याला दिलेल्या अभंगांचा रोख ग्रंथ पाहत बसण्यापेक्षा देवाचा ध्यास घेण्याकडे आहे, आणि नेमके तेच त्याला नको होते. प्रार्थनेच्या चिकाटीचे जे सरसकट गौरव केले जातात त्यांना हा प्रसंग छेद देतो. तुकारामही बसले आणि देशपांडेही बसले. एकाला उत्तर मिळाल्यावर स्वतःची लाज वाटली, दुसऱ्याला उत्तराची.

विधवा आणि न्यायाधीश

उत्तनच्या किनाऱ्यावरील चर्चमधून या विषयाचा एक निराळा पाठ ऐकावयास मिळतो. लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेला दाखला आहे. एका नगरात देवाला न भिणारा आणि माणसांची पर्वा न करणारा न्यायाधीश होता. एक विधवा त्याच्याकडे वारंवार येऊन न्याय मागत असे. शेवटी तिच्या येण्याला कंटाळून त्याने न्याय दिला. अन्यायी न्यायाधीश जर असे करतो तर देव का करणार नाही, असा दाखल्याचा रोख आहे. कॅथलिक उपासनेच्या त्रैवार्षिक वाचनक्रमात हा उतारा दर तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरमधील एका रविवारी येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषांत होऊ लागली, म्हणून तो येथे मराठीतून ऐकला जातो.

विधवेचे वारंवार येणे आणि धनकोचे दारात बसणे यांत साम्य उघड आहे. फरक अधिक उद्बोधक आहे. दाखल्यात देव आणि न्यायाधीश यांचे नाते विरोधाचे आहे : तो असा वागतो, मग देव तर किती चांगला. ऐकणाऱ्याने देवावर न्यायाधीशाचा आरोप करू नये, याची काळजी दाखला घेतो. तुकाराम ही काळजी घेत नाहीत. ते देवालाच आरोपीच्या जागी बसवितात, त्याला निष्ठुर म्हणतात, बुडवा म्हणतात. बायबलच्या परंपरेत याचे खरे नाते दाखल्याशी नसून स्तोत्रसंहितेतील विलापांशी आणि ईयोबाशी आहे. तेथे देवाला ‘किती काळ’ असे विचारण्याचे धाडस आहे.

या दोन परंपरांना मराठीत जोडणारे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे (१८६१–१९१९). आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ताला उद्देशून अभंग रचले. त्यांत तुकारामांची आर्तता आहे, देवाला आई म्हणण्याची लकब आहे. भांडण मात्र मंदावलेले दिसते. कदाचित नव्या श्रद्धेत नव्याने आलेल्या माणसाला घरमालकाशी भांडण्याचा हक्क लगेच वाटत नसावा. (लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त मात्र भांडणाला तोटा नाही. तेथील वाट पाहणे देवाची नव्हे, नवऱ्याची आहे, आणि त्याची पट्टी वेगळी लावावी लागेल.) उत्तनचा विद्यार्थी टिळकांच्या मार्गाने उलट तुकारामांकडे येऊ शकतो. पुलाचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो.

वारकरी परंपरेजवळ आणखी एक प्रतिमा आहे, तिला तोड सापडणे कठीण. पंढरपुरात वाट पाहतो तो देव. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत गुंतला होता, त्याने वीट भिरकावली आणि देव तिच्यावर अठ्ठावीस युगे उभा राहिला. तुकारामांनी एका अभंगात पुंडलिकाला या उर्मटपणाबद्दल दटावलेही आहे. ज्या देवाला स्वतः ताटकळण्याचा अनुभव आहे त्याच्याकडे विलंबाची तक्रार करणे सोपे जाते. दारात बसलेला धनको आणि विटेवर उभा असलेला ऋणको, दोघेही थांबलेलेच आहेत.

जे परत आले नाही

कागद परत आले. पण १६३० च्या दुष्काळात तुकारामांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. ती परत आली नाहीत. वह्यांसाठी तेरा दिवस बसणारा हा माणूस पत्नीसाठी धरणे धरून बसल्याचे गाथा सांगत नाही. येथे समीक्षेने घाई करू नये. दिवाळे, दुष्काळ, पत्नीचा मृत्यू यांबद्दल देवाचे उपकार मानणारे अभंग गाथेत आहेत. ते पुष्कळदा तुकारामांचा अंतिम निर्णय म्हणून उद्धृत केले जातात. ते वैराग्याचे आहेत, खरे. परंतु त्यांतील पत्नीविषयीची भाषा इतकी कठोर आहे की तिच्यात समाधानापेक्षा भाजलेल्या जागेचा बधिरपणा जाणवतो. शोक करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हे अभंग ‘देवाची इच्छा’ म्हणून ठेवणे म्हणजे तुकारामांवर आणि त्या विद्यार्थ्यावर एकदमच अन्याय करणे होय.

आत्मचरित्रपर म्हणून प्रसिद्ध असलेल्या अभंगात हीच हकीकत वेगळ्या सुरात येते. तेथे उपकार मानलेले नाहीत आणि आरोपही नाही. व्यवसाय बुडाला, मायबाप गेले, दुष्काळाने द्रव्य आणि मान दोन्ही नेले, पत्नी अन्न अन्न करीत गेली, लाज वाटली, जीव त्रासला, असे एकामागून एक साध्या वाक्यांत सांगितले आहे. देवाला एकही प्रश्न विचारलेला नाही. आणि त्यानंतर, कोणताही दुवा न देता, देवाचे देऊळ भंगले होते ते बांधावेसे चित्तात आले, असे तुकाराम सांगतात आणि एकादशीच्या कीर्तनाकडे वळतात. आपले चित्त तेव्हा अभ्यासात नव्हते, म्हणून आधी संतांची काही वचने पाठ केली, हेही ते लपवीत नाहीत.